‘भरती’ कोणाला कशी दिसली: म्युझिक व्हिडिओच्या प्रतिसादाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज कामं वाटून घेतली. आम्ही पाच जण, मीडियाचं शेवटचं वर्ष. २० मार्चला म्युझिक व्हिडिओ जमा करायचा आहे. गाणं आमचंच, नाव ‘भरती’. गटातल्या एकीने लिहिलंय आणि तिच्या भावाने चाल लावलीय. ढोलकी, गिटार आणि एकच आवाज. गोष्ट साधी आहे. आई पहाटे उठून मासळी विकायला बसते, मुलगी ठाण्याहून वाशीची लोकल पकडून कॉलेजला जाते, आणि दोघी दिवसभरानंतर खाडीच्या काठावर भेटतात. शूटिंग ठाणे पूर्वेला, चेंदणी कोळीवाड्यात.

माझ्याकडे प्रेक्षक आले. व्हिडिओ कोणासाठी, त्यांना काय विचारायचं, उत्तरं कशी जमवायची आणि त्यावरून काय बदलायचं, हे सगळं मी बघायचं. मागच्या वर्षीच्या गटांच्या फायली चाळल्या. बहुतेकांनी हे काम शेवटच्या आठवड्यात उरकलंय. एक फॉर्म, तीसेक उत्तरं, चार पाय-चार्ट. उत्तरं वाचून कोणी एखादा कट बदलल्याची नोंद कुठेच सापडली नाही. मला तसं करायचं नाही, म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतेय. पुढच्या वर्षी ज्याच्या वाट्याला हे काम येईल, त्याच्या उपयोगी पडावं.

९ जानेवारी, गुरुवार

पहिला ऑनलाइन फॉर्म फुकट गेला. बावीस प्रश्न होते. कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, दोन दिवसांत ६१ उत्तरं आली. त्यातली ५४ आमच्याच वर्षाच्या मुलांची. ‘तुम्हाला मराठी गाणी आवडतात का?’ याला ५८ जणांनी ‘हो’ म्हटलंय. या ‘हो’चं मी करू काय? ‘गाण्यातली गोष्ट आणि दृश्यं किती महत्त्वाची वाटतात?’ असंही विचारलं होतं. एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबल्या, आता पाचपैकी चार गुण नक्की कशाला मिळाले ते कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक सेटिंगची. एकाने दोनदा भरू नये म्हणून ‘एकच उत्तर’ चालू केलं. त्यामुळे लॉग-इन केल्याशिवाय फॉर्म उघडेना. माझी आई, तिच्या ऑफिसातल्या बायका, सोसायटीतले काका, सगळे तिथेच अडले. चाळिशीच्या वरचं एकही उत्तर आलं नाही आणि ते माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. ज्यांच्या आयुष्यावर गाणं आहे, त्यांच्यापैकी तर एकाचंही नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी नऊ वाजता कोपरीच्या मासळी बाजारात गेले, हातात वही. रविवारी मासळीला किती गर्दी असते हे घरात खाणारी माणसं असून माझ्या डोक्यात आलं नाही. एका मावशींसमोर उभी राहून बोलायला लागले तर मागून तीन गिऱ्हाइकं. त्या पापलेटचे तुकडे करता करता म्हणाल्या, “पोरी, आज नको. उद्या ये. सोमवारी कोन खातंय मासं?”

दीड तास गेला, हाती काही नाही.

१३ जानेवारी, सोमवार

मावशींचं खरं. सोमवार, गुरुवार, शनिवार कित्येक घरांत मासे शिजत नाहीत, तेव्हा बाजार सुस्त असतो. आज त्याच मावशी चाळीस मिनिटं बोलल्या. आजूबाजूच्या दोघी-तिघी बोलण्यात आल्या. फॉर्म काढलाच नाही. विचारलं, गाणी कुठे बघता? उत्तर आलं, मुलाच्या नाहीतर नातवाच्या फोनवर, तेही जेवणं आटोपल्यावर. फोनचाच स्पीकर. इयरफोन एकीकडेही नाही. आणि गाण्यात कोळीण दिसली की ती नेहमी नाचतच असते, काम करताना कधी दिसत नाही, असं एक मावशी म्हणाल्या. हे वाक्य मी जसंच्या तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

ज्यांना विचारायचं त्यांच्या कामाचं वेळापत्रक आधी माहीत करून घ्यायचं. यापुढच्या सगळ्या बाजारभेटी मी सोमवारी आणि गुरुवारी लावल्या आहेत.

१९ जानेवारी, रविवार

काल-आज शूटिंग झालं. इथे थोडक्यात लिहिते, कारण ही नोंद शूटिंगची नाही. काल सकाळी सात ते नऊ खाडीवर, होडीत. दुपारी कोळीवाड्याच्या गल्ल्या. आज बाजाराचा प्रसंग आणि घर. ठाणे स्टेशनच्या फलाटावरचा शॉट कापावा लागला, रेल्वेच्या हद्दीत शूटिंग करायला परवानगी लागते आणि आम्ही अर्जच केला नव्हता. मुलगी स्टेशनकडे चालत जाते एवढंच दाखवलं.

खर्च: कपडे भाड्याने १,२०० रुपये, होडी १,५००, खाणं-चहा १,३५०, माइक भाड्याने ८००. एकूण ४,८५०.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला कट तयार, चार मिनिटं बारा सेकंद. वर्गात चौदा जणांना दाखवला आणि दिवे लावून विचारलं, “कसं वाटलं?” पहिला मुलगा म्हणाला, “कॅमेरावर्क कडक आहे.” त्याच्यानंतरचे नऊ जण कॅमेऱ्याबद्दलच बोलले. पहिला जे बोलतो त्याच वाटेने सगळे जातात. शिवाय समोर आम्ही पाच जण बसलेलो, आमच्या तोंडावर कोण काय बोलणार?

संध्याकाळी चिठ्ठ्या छापून आणल्या, पोस्टकार्डाएवढ्या, ९० रुपयांच्या झेरॉक्स. तीनच प्रश्न ठेवले. गोष्ट काय होती ती दोन ओळींत लिहा. लक्ष कुठे उडालं? कोणती ओळ आठवतेय? ‘आवडलं का’ हा प्रश्न काढूनच टाकला. तो विचारला की माणसं आपल्याला दुखवायला नको म्हणून उत्तर देतात.

ऑनलाइन फॉर्मही कापून सहा प्रश्नांवर आणला, लॉग-इनची अट काढली आणि व्हिडिओच्या अनलिस्टेड लिंकसोबत (लिंक असेल त्यालाच व्हिडिओ दिसतो) पुन्हा पाठवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एकेकट्याला दाखवला. दहा जण, लायब्ररीच्या मागच्या खोलीत. मी समोर तिरकी बसले, म्हणजे मला स्क्रीन नाही, बघणाऱ्याचा चेहरा दिसेल. हातात स्टॉपवॉच. नजर हलली की वेळ लिहायची, एवढंच माझं काम.

आमची सुरुवात ३४ सेकंदांची होती. खाडी, धुकं, बगळे, आमची नावं आणि बारीक गिटार. दहापैकी सात जणांची नजर विसाव्या ते तिसाव्या सेकंदात स्क्रीनवरून उठली. एकाने घड्याळ बघितलं, एकीने आपला फोन उलटा करून पाहिला. आवाज सुरू झाला की सगळे परत आले. आणि चिठ्ठीत त्याच सातपैकी पाच जणांनी लिहिलं, ‘सुरुवात फार सुंदर’. ती माणसं खोटं बोलत नाहीत. सुरुवात त्यांना सुंदर वाटली असेलच, पण त्यांनी ती पाहिली नाही. हे फक्त विचारून मला कधीच कळलं नसतं.

एडिटरला स्टॉपवॉचचा कागद दिला. तिला धुक्याचे शॉट सोडवेनात, पहाटे चारला उठून घेतले होते. तरी तिने सुरुवात ११ सेकंदांवर आणली आणि नवव्या सेकंदाला आवाज सुरू केला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजची नोंद मोठी आहे.

सकाळी अकराला बाजारात गेले. मावशींनी हात पाण्यात बुचकळले, पदराला पुसले, तरी फोन हातात घेतला नाही. “धर तूच, खवलं लागतील.” मी फोन धरला. शेजारच्या दोघी वाकून बघायला लागल्या. अठ्ठाविसाव्या सेकंदाला आमची नटी डोक्यावर पाटी घेऊन गल्लीतून येते. तिथे मावशींनी ओठ मुडपले. मी वेळ लिहिली. व्हिडिओ पुढे चालू राहिला, पण त्या तिथेच अडकलेल्या होत्या. संपल्यावर पहिलं वाक्य:

“हा लुगरा कोनी नेसवला गो हिला?”

आम्ही भाड्याच्या दुकानात ‘कोळीण’ म्हणून मागितलं होतं, त्यांनी शिवलेली नऊवारी दिली. घोट्यापर्यंत लोळणारी, जरीच्या काठाची, लावणीला घालतात तशी. मावशी उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या गुडघ्याशी हात नेऊन दाखवलं. कोळणीचं लुगडं इथवर असतं, घट्ट. चिखलात उतरायचं, होडीत चढायचं, पायात कापड अडकून चालत नाही. वरून फडकी, म्हणजे अंगावर घ्यायचं कापड असतं, ते आमच्या नटीला नव्हतंच. शेजारची म्हणाली, “नी चुंबळ?” डोक्यावर पाटी ठेवायची तर खाली कापडाची गुंडाळी लागते. आमची पाटी थेट केसांवर होती. ती रिकामी आहे हे त्यांना चालण्यावरूनच कळलं. भरलेली पाटी डोक्यावर असली की मान हलत नाही, कमरेखालचं अंग तेवढं चालतं.

मग मावशींचे दीर आले. त्यांना पुन्हा पहिल्यापासून दाखवला. शेवटचं कडवं आहे, ‘भरती आली दारात माझ्या’, आणि त्यावर होडीचा लांब शॉट. ते म्हणाले, “पानी उतरतंय की.” मला काही दिसेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. नांगरलेली होडी येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. भरती असती तर तिचं तोंड समुद्राकडे असतं, आमच्या शॉटमध्ये ते खाडीच्या आत, वरच्या अंगाला आहे. मागच्या खांबावर पाण्याच्या वर ओल्या चिखलाचा पट्टाही आहे, म्हणजे पाणी नुकतंच तिथून खाली गेलंय. मग त्यांनी हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. १८ जानेवारीला पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती म्हणजे पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि आम्ही शूट केलं सात ते नऊ. गाण्याचं नाव ‘भरती’ आणि आमच्या व्हिडिओत सगळीकडे ओहोटी.

घरी येऊन ऑनलाइन फॉर्म उघडला. दुसऱ्या फेरीची ४३ उत्तरं आली आहेत. ‘वेशभूषा’: पाचपैकी सरासरी ४.६. सगळ्या बाबींत सर्वात जास्त.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस गटात वाद चालू आहे. एका बाजूचं म्हणणं असं की ४३ जणांना जे खटकलं नाही ते चौघांना खटकलं, परीक्षकांच्याही लक्षात येणार नाही, आणि हातात पैसे नाहीत. चुकीचं म्हणणं नाही. एकाने दिवाळीत साठवलेले पैसे पहिल्या शूटिंगला घातलेत.

माझं म्हणणं मी लिहून दिलं. ४.६ ही सरासरी ज्यांनी दिली त्यांनी लुगडं कधी नेसलेलं नाही आणि नेसलेलं फारसं पाहिलेलंही नाही. त्यांना उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी विचारला, चूक माझी आहे. फॉर्म कोणाकोणाकडे जातो आणि त्यांना त्यातलं काय कळतं, हे न बघता मी सगळ्यांना सगळं विचारत गेले. आणि हे गाणं कोळणीच्या तोंडी आहे. ती आपलं गाणं बघते आणि तिला पहिलं काय दिसतं, तर हे लुगडं माझं नाही. मग बाकी साडेतीन मिनिटं तिच्यापर्यंत पोचत नाहीत, हे मी समोर बसून पाहिलंय.

आज ठरलं: लुगड्याचे तीन शॉट आणि होडीचा शॉट पुन्हा. बाकी जसं आहे तसं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वाया गेलेली संध्याकाळ. सुट्टी म्हणून तलावपाळीवर अनोळखी लोकांना व्हिडिओ दाखवायचं ठरवलं. आज महाशिवरात्र, कोपिनेश्वराच्या दर्शनाची रांग आणि मासुंदा तलावाभोवती पाय ठेवायला जागा नाही, हे कॅलेंडर बघितलं असतं तर कळलं असतं. गोंगाटात फोनचा आवाज ऐकू येईना. एका इयरफोनच्या दोन कड्या दोघांनी घालायच्या तर अनोळखी माणसं नको म्हणतात, बरोबरच आहे. तीन तासांत चार प्रतिसाद, चारही निकामी. उद्या एक स्प्लिटर आणि कानावर बसणारे दोन हेडफोन घेणार, ७५० रुपये.

१ मार्च, शनिवार

रीशूट. आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती. अमावास्येला दोनच दिवस झालेत, त्यामुळे उधाणाचं पाणी. दहा ते साडेअकरा होडी लावली, पाणी डोळ्यांदेखत चढत होतं. तोटा असा की ऊन डोक्यावर होतं, पहाटेचा मऊ प्रकाश गेला. चेहऱ्यावर पांढरी चादर धरून ऊन अडवलं, तरी आधीच्या शॉटशी रंग जुळवायला एडिटरला दोन रात्री लागणार. होडीचं तोंड मात्र समुद्राकडे.

लुगडं मावशींनी स्वतःचं दिलं, हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फडकी आम्ही विकत घेतली. नेसवायला पंचवीस मिनिटं लागली आणि त्यांनी कॅमेरा बंद ठेवायला सांगितला, म्हणून तो बंदच ठेवला. नेसून नटी बाहेर आली तेव्हा तिची चालच बदललेली. आधीच्या शॉटमध्ये ती कापड सांभाळत लहान पावलं टाकत होती, आता लांब ढांगा. डोक्यावर चुंबळ, पाटीत खरा बर्फ आणि बोंबील. मान आपोआप ताठ झाली, दिग्दर्शकाला काही सांगावं लागलं नाही.

मावशींनी पैसे घेतले नाहीत. खर्च: होडी १,२००, खाणं ६००, फडकी ३५०, रिक्षा १५०. एकूण २,३००.

५ मार्च, बुधवार

आवाजाची चाचणी. बाजारात फोनच्या स्पीकरवर ऐकतात हे जानेवारीतच कळलं होतं, पण मिक्सिंग आम्ही हेडफोनवरच केलं. आज वीस जणांना साध्या फोनवर ऐकवलं आणि शेवटच्या कडव्याची पहिली ओळ लिहायला सांगितली. बारा जणांनी लिहिलं ‘परत आली दारात माझ्या’. म्हणजे त्यांच्या डोक्यात वेगळीच गोष्ट तयार झाली: मुलगी घर सोडून गेली होती आणि परत आली. चिठ्ठ्यांमध्ये ‘पळून गेलेली मुलगी’ असं दोनदा का आलं होतं, ते आज उलगडलं. मी ते लक्ष नसल्याचं लक्षण मानून बाजूला ठेवलं होतं.

कारण असं की ‘भ’वर नेमकी ढोलकीची थाप येते. छोट्या स्पीकरवर खालचा घुमारा येतच नाही, थापेचा टणकारा तेवढा उरतो आणि तो व्यंजनावर बसतो. ढोलकी त्या ओळीपुरती तीन डेसिबलने खाली घेतली, आवाजात दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचलला, आणि गायकाकडून ती एक ओळ पुन्हा गाऊन घेतली, ‘भ’ जरा आधी सोडून. संध्याकाळी नव्या आठ जणांना ऐकवलं. सात जणांनी ‘भरती’ लिहिलं.

१० मार्च, सोमवार

कोळीवाड्यात दाखवला. तीन दिवसांवर होळी, तो इथला मोठा सण, त्यामुळे पुढे कोणाला वेळ मिळाला नसता. आज सोमवार आणि वर एकादशी, बाजार थंड. गल्लीत पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर उसना. तीस-पस्तीस माणसं, खुर्च्या त्यांनीच घराघरांतून आणल्या. चहाचे ३०० रुपये.

इथे चिठ्ठ्या चालणार नव्हत्या. बोलणं लिहून घेऊ का, असं आधी सगळ्यांना विचारलं आणि आम्ही दोघी गर्दीत वेगवेगळ्या ठिकाणी बसलो. घासाघिशीच्या प्रसंगात बायका एकदम हसल्या, तिथे हसू येईल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. पाटी घेऊन नटी आली तेव्हा कोणी काहीच बोललं नाही. मी महिनाभर त्या शांततेची वाट बघत होते. दोन मिनिटं सतराव्या सेकंदाला बर्फावरच्या हातांचा जवळून शॉट आहे, पांढरे पडलेले, बोटांना चिरा गेलेले. ते हात मावशींचेच. मागून कोणीतरी त्यांचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

एक तक्रार आली, आणि ती खरी आहे. कॉलेजला जाणारी एक मुलगी म्हणाली की व्हिडिओतली मुलगी आईच्या पाटीला हातसुद्धा लावत नाही. “मी रविवारी आईबरोबर बसते. आमच्यात बऱ्याच जणी बसतात.” आम्ही आई बाजारात आणि मुलगी लोकलमध्ये असे दोन कप्पे केले, ते आमच्या डोक्यातून आले. जानेवारीत मी आयांना विचारलं, त्यांच्या मुलींना विचारायचं सुचलंच नाही. त्या आमच्याच वयाच्या, ठाणे-वाशीच्या ट्रान्स-हार्बर लोकलला कदाचित आमच्याच डब्यात असतात. आता पुन्हा शूटिंगला दिवस नाहीत. व्हिडिओत हे तसंच राहिलं आहे, अहवालात तिचं म्हणणं पूर्ण लिहिलं.

२० मार्च, गुरुवार

जमा केला. तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद. प्रतिसादाचा खर्च १,१४० रुपये: झेरॉक्स, हेडफोन, चहा. दोन्ही शूटिंग धरून एकूण ८,२९०. वेळेचं म्हणाल तर पहिला फॉर्म, पहिला रविवार आणि महाशिवरात्र मिळून चारेक दिवस बुडाले. १० फेब्रुवारीची भेट शूटिंगच्या आधी कपडे दाखवून घेतली असती, तर लुगड्याचे शॉट पुन्हा घ्यावे लागले नसते. कपड्यांचा एक फोटो काढून बाजारात न्यायचा होता, एवढंच काम होतं.

अहवालात पाय-चार्ट एकही नाही. डावीकडे कोण काय म्हणालं किंवा कुठे नजर उठली, उजवीकडे त्यामुळे काय बदललं, आणि नसेल बदललं तर का नाही. तीन पानं भरली.

२४ मार्च, सोमवार

लुगडं धुऊन, इस्त्री करून परत दिलं. इस्त्री कशाला केली म्हणून मावशी रागावल्या. व्हिडिओ त्यांच्या मुलाच्या फोनवर पाठवला तर चित्र एवढं दबलं की हातांच्या चिरा दिसेनात. मग तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तेव्हा नीट गेली. मावशींनी या वेळी हात कोरडे करून फोन स्वतः घेतला आणि दोन-सतराला मुलाला थांबवायला लावलं.